आप्पासाहेबांचे तळपाय

वडगाव निंबाळकरात आप्पासाहेबांच्या पाया पडायला कारण लागत नाही. लग्न ठरलं की पडा, ट्रॅक्टर घेतला की पडा, पोरगं दहावीला पास झालं तर पडा आणि नापास झालं तरी पडा, निदान पुढच्या खेपेला तरी सुटेल. सोसायटीचं चेअरमनपद जाऊन नऊ वर्षं झाली, पण माणसांची वाकायची सवय गेली नाही. आप्पासाहेबांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. फक्त एवढी माणसं ज्या पायांना शिवून गेली, ते पाय त्यांनी स्वतः कधी नीट पाहिले नव्हते. वय बासष्ट आणि पोटाचा घेर असा, की तळपाय पाहायचा म्हटलं तर आरसा लागला असता.

पहिली गडबड इंदापुरात झाली. चुलतभाऊ कुंडलिक याच्या पोराचं लग्न होतं. मंगल कार्यालय खचाखच भरलेलं, आणि आप्पासाहेब पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर जोडे काढून, पाय मोकळे सोडून बसलेले. नवरानवरी पाया पडायला आली. नवऱ्यानं दोन बोटं लावून उरकलं. नवरी मात्र गुणाची निघाली. तिनं पावलांवर दोन्ही हात ठेवले, कपाळ टेकलं आणि आशीर्वादाची वाट बघत तशीच राहिली. आप्पासाहेब शेजारच्याला आडसाली उसाची लागण समजावून सांगत होते. लागण संपली, पोरगी वाकलेलीच. खतं संपली, पोरगी वाकलेलीच. शेवटी फोटोवाला वैतागून म्हणाला, "आबा, द्या की आशीर्वाद! पोरीची कंबर धरली."

आप्पासाहेबांनी खाली पाहिलं आणि दचकले. पण तोवर मुलीकडच्यांनी अर्थ लावून टाकला होता, की आप्पासाहेबांना ही सोयरीक पसंत नाही. मग आठ दिवस मध्यस्थांच्या गाड्या इंदापूर-वडगाव करत राहिल्या. कुणी म्हणे मानपानात कमी पडलं, कुणी म्हणे जेवताना त्यांना विचारलं नाही. एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की म्हाताऱ्याला पायावरचा हात कळलाच नसेल. आप्पासाहेबांच्या डोक्यात मात्र ते आलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांची चप्पल वाटेत निघून मागे राहायची आणि हे दहा पावलं तसेच पुढे जायचे. कुणाला न सांगता ते बारामतीच्या डॉक्टरांकडे गेले.

साखर त्यांना पंधरा वर्षांपासून होती. ऊसवाल्याला साखर झाली यावर जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे गावात करून झालेत, तेव्हा ते सोडून देऊ. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला जागोजागी टेकवत विचारलं, "कळतंय का?" आप्पासाहेब दर वेळी "कळतंय" म्हणाले. शेवटच्या दोन वेळा म्हणाले तेव्हा डॉक्टरांचा हात टेबलावर होता.

"आप्पासाहेब, तुमच्या तळपायाची जाणीव गेलीय," डॉक्टर म्हणाले. "खिळा लागला, काच लागली, तुम्हाला कळणार नाही. जखम चिघळली की आधी बोट जातं, मग पाय. अनवाणी चालायचं नाही. रोज घरातल्या कुणाकडून तरी तळपाय बघून घ्यायचे. आणि तुमच्या गावात मोनाली मॅडम वर्ग घेतात ना, तिथं जा. तोल सुधारेल. ही चिठ्ठी त्यांना द्या, त्या तुमच्यापुरता व्यायाम बदलून देतील."

चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. कारण साधं होतं. चिठ्ठी दिली की गावाला कळणार, आणि ज्या पायांवर गाव डोकं ठेवतं ते पाय बधिर आहेत हे कळल्यावर गाव काय म्हणेल, या विचारानंच आप्पासाहेबांना घाम फुटला. पाय गेला तरी चालेल, पण पायांची अब्रू जाता कामा नये, असा हा हिशोब. असली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांना आपण मोठी माणसं म्हणतो.

मोनाली ही ज्ञानदेव गुरुजींची मुलगी. अर्ध्या गावाला पाढे गुरुजींनी शिकवले. ती फिजिओथेरपी शिकून आली, बारामतीत दवाखाना थाटला, आणि आठवड्यातून तीन दिवस अकरा वाजता, म्हणजे बायकांची धारापाण्याची आणि चुलीची कामं उरकली की, ग्रामपंचायतीच्या सभागृहात नाचाचा वर्ग घेऊ लागली. हा नाच वरातीतला नव्हे. गाणं संथ, पाऊल टेकलं की टेकलंय याकडे लक्ष, श्वास आत जातोय बाहेर येतोय याकडे लक्ष. "नाचताना मनात आमटीला फोडणी द्यायची नाही," असं ती सांगायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "डोळे मिटा आणि सांगा, तुमचं काय दुखतंय?" तर एक म्हणाली, "सासूबाईंची कंबर." दुसरी म्हणाली, "ह्यांचा खांदा." तिसरीनं म्हशीच्या सडाचं सांगितलं. स्वतःलाही एक अंग असतं हे त्यांच्या गळी उतरवायला मोनालीचा महिना गेला.

अशा वर्गात एका मंगळवारी आप्पासाहेब पांढरा लेंगा, शर्ट आणि टोपी घालून दाखल झाले. प्रकृतीसाठी आलोय असं नाही म्हणाले. "गावातल्या चांगल्या कामाला आपला पाठिंबा असावा," म्हणाले. दोघातिघांनी पारावर "गुरुजींच्या पोरीच्या हाताखाली?" असं नाक वर करून विचारलं, पण आप्पासाहेबांना तोंडावर विचारायची छाती कुणाची नव्हती. त्यांची सून स्वरूपा आधीपासून वर्गाला येत होती. सासरा दारात दिसताच तिनं पदर डोक्यावर ओढला, आणि तिच्याबरोबर बाकीच्या अकराजणींनीही ओढला. मोनालीनं सगळ्यांना विचारलं, "कुणाला शुगर, बीपी, काही?"

"आपल्याला काय न्हाय," आप्पासाहेब म्हणाले.

बाराही जणींना त्यांच्या साखरेची माहिती होती. स्वरूपा तर रोज त्यांचा बिनसाखरेचा चहा करायची. पण आबा न्हाय म्हणाले म्हणजे न्हाय. सगळ्याजणी जमिनीकडे बघत राहिल्या. मोनालीनं तेच खरं धरलं.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की म्हातारा नाचायला लागला आणि झकास नाचायला लागला. शाळेत लेझमीच्या पथकात पुढे असायचा, तो ताल हाडात राहिला होता. हात असे मोकळे सुटायचे की पोटसुद्धा हलकं वाटायचं. बायको ठमाबाई जाऊन सात वर्षं झाली होती. ती होती तोवर घरात "अवो, चुकताय" म्हणणारं एक माणूस होतं, भांडायला होतं, रुसायला होतं. ती गेल्यावर सगळेच "व्हय आबा, व्हय आबा" करायला लागले आणि आप्पासाहेब भरल्या घरात एकटे पडले. मुलगा विजयसिंह पुण्यात नोकरीला, तो फोनवरही "व्हय आबा"च म्हणायचा. या वर्गात हात पसरून गिरकी घेताना पहिल्यांदा त्यांना छातीत मोकळं वाटलं. तीन आठवड्यांत ते वर्गाच्या दिवसाची वाट पाहायला लागले.

चौथ्या आठवड्यात मोनालीनं पाच घमेली आणून ओळीनं मांडली. एकात ओलं गोणपाट, एकात वाळू, एकात उसाचं पाचट, एकात हरभऱ्याचा भुसा, एकात गुळगुळीत गोटे. डोळे मिटून प्रत्येकात पाय ठेवायचा आणि काय लागतंय ते सांगायचं. वर्गात असलं काही निघालं की पहिला मान कुणाचा हे सांगायला नकोच. आप्पासाहेब पुढे झाले. पहिल्या घमेल्यात ओलं गोणपाट होतं. त्यांनी पाय ठेवला, थोडा विचार केला आणि चेअरमनच्या आवाजात म्हणाले, "वाळू."

मोनाली काही बोलायच्या आत पुढची आली. तिनं पाय ठेवला, पाणी बोटांतून वर आलं, ती एक क्षण थांबली आणि म्हणाली, "वाळू." तिसरी म्हणाली, "वाळूच." फुलाबाई म्हणून साठीच्या बाई होत्या, त्यांनी तर "लई बारीक वाळू हाय" असं प्रमाणपत्रही दिलं. अशा बाराच्या बारा जणींना ओलं गोणपाट वाळू लागलं. मग वाळू भुसा झाली, गोटे पाचट झाले, आणि सगळं एकमतानं मंजूर झालं. सोसायटीच्या सभेतही असंच व्हायचं, म्हणून तर सोसायटीची ती अवस्था झाली.

मोनालीनं स्वरूपाला बाजूला घेतलं. "खरं सांग, तुझ्या पायाला काय लागलं?"

"गोणपाट की, मॅडम."

"मग वाळू का म्हणालीस?"

"आबा वाळू म्हणाले ना," स्वरूपा म्हणाली. यात न समजण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

मोनालीच्या लक्षात सगळं आलं. ती सरळ आप्पासाहेबांकडे गेली. "आबा, ते गोणपाट होतं. तुम्हाला पायाला कळत नाही. शुगर आहे ना?"

"आगं, तेरा माणसं वाळू म्हणतात आणि तू एकटी गोणपाट म्हणतीस," आप्पासाहेब हसून म्हणाले. "चुकलं कोण मग?"

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. बारा बायांचा कौल ऐकून त्यांना मनापासून वाटलं होतं, की डॉक्टरचंच काहीतरी चुकलं. पाय चांगले आहेत. कित्येक दिवसांनी त्यांना इतका आनंद झाला होता.

"तेरा असोत नाहीतर तेराशे," मोनाली म्हणाली. "आजपासून तुम्ही मऊ चपला घालूनच नाचायचं. आणि शनिवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या. चिठ्ठी नसेल तर मी वर्गात घेणार नाही."

गुरुजींची पोर आपल्याला तोंडावर नाही म्हणते, याचा आप्पासाहेबांना राग यायला हवा होता. तो आला, पण पुरता आला नाही. ठमाबाई बोलायची तसा काहीतरी सूर त्यांना त्यात लागला. तरी चिठ्ठी खिशातून बाहेर काढायचा धीर झाला नाही तो नाहीच.

शनिवारी सकाळी ते रानात गेले. ऊस नुकताच तुटून गेला होता आणि रानभर कापलेले बुडखे टोकं वर करून उभे होते. तासभर फिरले, चप्पल मध्येच मागे राहिली ती परतताना सापडली, आणि पाटाच्या पाण्यात पाय बुचकळून ते गाडीनं थेट सभागृहावर आले. सभागृहाची किल्ली अजून त्यांच्याकडेच असते, का असते ते विचारायचं नाही. मोनालीची स्कूटर बारामतीच्या रस्त्यावर पंक्चर झाली होती आणि ती उशिरा येणार होती. आप्पासाहेबांनी कुलूप काढलं. भिंतीवर देवाची तसबीर होती, देवासमोर पायात चपला कशा ठेवायच्या म्हणून त्या दाराबाहेर काढल्या, स्वतःच गाणं लावलं आणि बायांना म्हणाले, "चला, मॅडम येईस्तोवर आपण सुरू करू."

फरशी पांढरी होती. गिरकीच्या दुसऱ्या फेरीत स्वरूपाला पहिला ठसा दिसला. मग दुसरा. डाव्या पायाचा चवडा आणि टाच, लालभडक, अगदी तालावर उमटत चाललेली. आप्पासाहेबांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, हात पसरलेले. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. फुलाबाईंनी डोळ्यांनी स्वरूपाला खुणावलं, तू सांग. स्वरूपानं मान हलवली, तुमी मोठ्या, तुमी सांगा. आबांचे डोळे मिटलेले आहेत, रंगलेत, मध्येच कसं थांबवायचं? आणि पाय रक्तानं भरलाय हे सासऱ्याला सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं? तेव्हा त्या नाचत राहिल्या. ठसा आला की त्याला वळसा घालून पुढे जायचं, पोरी ठिक्कर खेळतात तसं. एकीनं नाचता नाचताच कोपऱ्यातलं फडकं पायानं ओढलं आणि स्वरूपा ते पायाखाली घेऊन सासऱ्यामागून फरशी पुसत पुढे सरकू लागली. गाणं सहा मिनिटांचं होतं. सहा मिनिटं बारा शहाण्या बायका एका माणसाचं रक्त पुसत नाचल्या.

मोनाली दारात आली आणि तिनं गाणं बंद केलं.

"आबा, खाली बघा!"

आप्पासाहेबांनी डोळे उघडले. आधी त्यांना वाटलं कुणाचा कुंकवाचा करंडा सांडला. मग ठशांच्या मागोमाग त्यांची नजर स्वतःच्या पायापर्यंत आली. ते मटकन खाली बसले. मोनालीनं त्यांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, रुमालानं दाबून धरला. टाचेत उसाच्या बुडख्याची बोटभर धारदार चोई घुसलेली होती.

"कवा लागलं हे?" त्यांनी विचारलं. कुणाला ठाऊक असणार? मग त्यांनी बायांकडे पाहिलं. फडकं अजून स्वरूपाच्या पायाखाली होतं. "तुमी बघत हुता? सगळ्या? आन् कुणीच कसं बोललं न्हाय?"

शेवटी स्वरूपाच बोलली, आणि आवाज रडवेला होण्याऐवजी चिडका निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "तुमाला कोण सांगणार, आबा? सांगितलेलं तुमाला चालतं व्हय?"

आप्पासाहेबांनी बंडीत हात घालून ती मळकी चिठ्ठी काढली आणि मोनालीच्या हातात दिली. तिनं वाचली. "दीड महिन्यापूर्वीची आहे," एवढंच म्हणाली. आप्पासाहेबांची मान खाली गेली आणि डोळे भरून आले. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"मी गाडी काढतू," ते उठायला लागले.

"तुमी न्हाय काढायची. मी काढते," स्वरूपा म्हणाली. तिच्याकडे आठ वर्षांपासून लायसन होतं. सासऱ्यासमोर गाडी चालवणं बरं दिसत नाही म्हणून तिनं आजवर ते कपाटात ठेवलं होतं. आप्पासाहेबांनी मुकाट्यानं किल्ली पुढे केली. बारामतीपर्यंत ते मागच्या सीटवर आडवे पाय करून बसले होते, मोनालीनं टाच धरलेली होती, आणि ते आपला तळवा पाहायचा प्रयत्न करत होते. रस्त्यात स्वरूपानं दोन ट्रॅक्टर आणि एक एसटी मागे टाकली.

टाचेची जखम डॉक्टरांनी धुऊन शिवली, ती बरी होण्यासारखी होती. खरं दुखणं करंगळीखाली होतं. तिथं महिनाभर जुनी जखम आतून सडत आलेली, वरून कातडी काळी पडलेली. टाचेतून रक्त आलं नसतं तर ती आणखी महिनाभर कुणी पाहिली नसती. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला असता तर घोट्यापासून पाय काढावा लागला असता."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला माणसांची रांग लागली. जो येईल तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून आधी हात जोडायचा आणि मग सांगायचा, "काय न्हाय आबा, किरकोळ हाय. तुमाला काय धाड भरलीया! आठ दिवसांत रानात दिसाल." आप्पासाहेब ऐकून घेत होते. संध्याकाळी इंदापुराहून कुंडलिक आला, पायात चकचकीत बूट. तो खुर्ची ओढून बसला आणि तेच म्हणाला. "ह्या डॉक्टर लोकांना कापायला काय तरी पायजे. तुमचा पाय म्हणजे लोखंड हाय."

"स्वरूपा," आप्पासाहेब म्हणाले, "ह्याला सांग."

स्वरूपा खिडकीपाशी डबा पुसत होती. तिनं पदर सारखा केला. खोलीत सातआठ पुरुष माणसं होती. "सांगू?"

"सांग. आजपास्नं ह्या घरात खरं तूच सांगायचं."

"करंगळी गेलीया," स्वरूपा म्हणाली. "जखम भरायला तीन म्हैने लागतील. साखर चारशेच्या वर हाय, कारण चोरून पेढे खातात. आन् नीट वागलं न्हाईत तर पाय जाईल."

कुंडलिकनं घसा खाकरला. "सूनबाई, थोरामोठ्यांसमोर असं बोलत्यात व्हय?"

"बोलत्यात," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी भावाकडे नीट निरखून पाहिलं. कुंडलिकलाही साखर होती, दहा वर्षांपासून. "कुंडलिक, बूट काढ."

"आँ?"

"बूट काढ म्हन्तो ना. पाय वर घे. स्वरूपा, बघ गं ह्याचा पाय."

कुंडलिक हसला, इकडेतिकडे पाहिलं, पण मोठ्या भावाचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं उजवा बूट काढला. स्वरूपानं त्याचा पाय स्टुलावर ठेवला आणि मोजा ओढला. मोजा घोट्यापर्यंत आला आणि टाचेपाशी अडकला. तिनं हळूच पुन्हा ओढला, तरी येईना. तो टाचेला चिकटला होता.

कुंडलिक तोंडभर हसतच होता. "आला का निघून?" त्यानं विचारलं.